ऐकलेली रहस्यकथा आणि वाचलेली रहस्यकथा



आमच्या अभ्यासकेंद्रावर दरवर्षी पहिल्या संपर्कसत्रात मी एक प्रश्न विचारतो. 'गेल्या सहा महिन्यांत पाठ्यपुस्तकांखेरीज आपण काय वाचले?' या प्रश्नानंतर वर्गात पसरणारी शांतता आता माझ्या चांगली परिचयाची झाली आहे. मी विंचूरचा राहणारा. माझ्या वर्गातील बरेचसे विद्यार्थी या ना त्या नात्याने कांद्याच्या व्यवहाराशी बांधलेले असतात. कोणी बाजार आवारात मापाडी आहे, कोणी लासलगावच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, कोणी दिवसभर खळ्यावर कांदा निवडते. हंगामात रविवारखेरीज सवड नाही आणि रविवारी संपर्कसत्र. अशांना अवांतर वाचनाविषयी विचारणे काहीसे निर्दयपणाचेच. तरीही मी विचारतो.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने बऱ्याच वेळाने हात वर केला. ती खळ्यावर प्रतवारीचे काम करते. "सर, वाचलं असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "कांदा निवडताना मोबाइलवर ऐकते. एकाच मालेतल्या चार कादंबऱ्या झाल्या. पण त्या खुनाच्या, हेरांच्या. हे वाचनात धरायचं का?"

वर्ग हसला, तीही हसली. मला मात्र त्या प्रश्नात दोन निरनिराळे संकोच ऐकू आले. ऐकले ते वाचन नव्हे, हा एक. आणि रहस्यकथा हे साहित्य नव्हे, हा दुसरा. हे दोन्ही संकोच तिने स्वतः निर्माण केलेले नाहीत. ते आम्ही, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांनी, तिच्या पदरात टाकले आहेत. त्या दिवशी मी तिला 'धरायचं' एवढेच उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, म्हणून हा लेख.

दुसऱ्या संकोचापासून आरंभ करणे सोयीचे, कारण तो अधिक जुना आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांच्या मालांतील पात्रे एकेकाळी महाराष्ट्राच्या घराघरांत नातेवाइकांइतकी ओळखीची होती. पुढे गुरुनाथ नाईक यांनीही हजाराच्या पलीकडे मजल मारली. त्यांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांच्यासाठी वाचनालयांत चढाओढ लागे. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद अशा एकाहून अधिक नायकांच्या माला एकाच वेळी चालविल्या. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे निर्माण केला, आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकाने रहस्यकथेला दरवर्षीचे हक्काचे घर मिळवून दिले. एवढा मोठा व्यवहार, एवढा मोठा वाचकवर्ग. पण वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्याची नोंद बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकली जाते, तीही 'रंजनप्रधान' असा शिक्का मारून.

या शिक्क्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. हजार पुस्तके लिहिणाऱ्याच्या हजारही पुस्तकांना कस असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. या कथांपैकी पुष्कळांवर इंग्रजी कथानायकांची दाट छाया आहे. योगायोग फार, वेशांतरे फार, आणि स्त्रीपात्रांच्या वाट्याला सौंदर्य किंवा अपहरण यांपलीकडे क्वचितच काही येते. हे सारे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. रहस्यकथा वाचकाकडून जितके लक्ष मागते तितके लक्ष आपल्या अभ्यासक्रमांतील कित्येक प्रतिष्ठित कादंबऱ्या मागत नाहीत. टेबलावर दोन कप होते की तीन, पाऊस कधी थांबला, कुत्रा भुंकला की नाही, हे सर्व तिच्या वाचकाला ध्यानात ठेवावे लागते. वर्णन हे तेथे सजावट म्हणून येत नाही. ते पुरावा म्हणून येते. 'संहितेचे सूक्ष्म वाचन करा' असे आपल्या पुस्तिकांत वारंवार छापलेले असते. ते कसे करावे हे मला कोणत्याही पुस्तिकेने शिकविले नाही. काळ्या पहाडाने शिकविले.

मालेचा आनंद हा आणखी वेगळा. मालेतील नायक मरणार नाही हे वाचकाला आधीच ठाऊक असते. (आर्थर कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारून पाहिले, वाचकांनी ते चालू दिले नाही आणि काही वर्षांनी त्याला परत आणावे लागले.) तेव्हा त्याचे काय होणार ही चिंता संपते आणि तो कसा विचार करणार या कुतूहलाला जागा मिळते. शिवाय दमून आलेल्या माणसाला नव्या पुस्तकाचा उंबरठा उंच वाटतो. नवी माणसे, नवे गाव, नवे नातेसंबंध समजून घेण्यातच चाळीस पाने जातात आणि तोवर डोळे मिटू लागतात. मालेत हा उंबरठा पहिल्या पुस्तकातच ओलांडलेला असतो. दुसरे पुस्तक उघडताच ओळखीचा माणूस समोर खुर्ची ओढून बसतो. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ वाचकासाठी ही सोय क्षुल्लक नाही. वाचनाचा दम अशानेच वाढतो, आणि दम वाढल्यावर मग माणूस जाड कादंबरीकडेही वळतो. शिरवळकरांचे वाचक हेरकथांकडून 'दुनियादारी'कडे गेले ते असेच.

आता पहिला संकोच. ऐकणे हे वाचनाहून हलके, ही समजूत आपल्याकडे कोठून आली कोण जाणे. कारण आपली भाषा तरी तसे म्हणत नाही. व्यासंगी माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि ओटाभर माणसांनी ऐकायची, ही रीत आमच्या भागात अजून पुरती संपलेली नाही. आणि त्या ओट्यावरील कोणीही 'मी पोथी ऐकली, वाचली नाही' असा अपराधी खुलासा करीत नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान ऐन रंगात आणून मध्येच अभंग घेतो, श्रोता पुढे काय झाले म्हणून ताटकळत राहतो. उत्कंठेचे हे तंत्र छापील मराठी रहस्यकथेपेक्षा किती तरी जुने आहे. आणि दूरशिक्षणाविषयी म्हणाल तर ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांना शिकविण्यास प्रारंभ केला तेव्हापासून नभोवाणी हे त्याचे एक मुख्य साधन होते. ऐकून शिकणे ही आपल्या शिक्षणपद्धतीची जन्मजात खूण आहे.

ध्वनिपुस्तकांच्या इतिहासातील एक घटना येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी 'बोलकी पुस्तके' सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक डोळ्यांपुढे होते. त्यांपैकी अनेकांना प्रौढ वयात ब्रेल शिकणे जड जात होते. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित झालेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत एक होते जोसेफ कॉनरॅडचे 'टायफून' आणि दुसरे ॲगाथा ख्रिस्तीची १९२६ ची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही रहस्यकादंबरी. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना या निवडीतील गंमत कळेल, कारण त्या कादंबरीतील सारी करामत कथा कोणत्या प्रकारे सांगितली आहे यावर उभी आहे. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी याहून अधिक एक शब्दही लिहीत नाही. मुद्दा एवढाच, की ज्यांच्यासाठी छापील पान कायमचे बंद झाले होते त्यांच्यासमोर पहिल्याच खेपेस ठेवण्याजोगी गोष्ट म्हणून कोणाला तरी रहस्यकथा आठवली.

येथवर दोन्ही संकोच दूर सारले. पण छापील पान आणि ध्वनी एकच आहेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. रहस्यकथेच्या बाबतीत तर ते फार वेगळे आहेत, आणि मराठीत त्या वेगळेपणाला व्याकरणाची जोड मिळते. आपण व्याकरणाचा घटक अभ्यासताना प्रयोगांचे प्रकार पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. रहस्यकथाकाराला ते विसरून चालत नाही. समजा, कथा प्रथमपुरुषी आहे आणि सांगणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे लेखकाला लपवायचे आहे. 'मी दार उघडले. मी दिवा लावला. मी ते पत्र पुन्हा वाचले.' ही वाक्ये पाहा. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून कर्त्याचे लिंग कळत नाही. कर्मणी प्रयोगाच्या पडद्याआड निवेदक सुरक्षित राहतो. पण लेखकाने चुकून 'मी आत गेले' असे कर्तरी वाक्य लिहिले की पडदा फाटला. 'मी बोललो', 'मी विसरले' या क्रियापदांतही तोच धोका. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या ठिकाणी काहीच कष्ट नाहीत. मराठी लेखकाला पानोपानी तारेवरून चालावे लागते. अंधारात वावरणाऱ्या अनोळखी माणसासाठी तो 'आकृती' किंवा 'सावली' असा स्त्रीलिंगी शब्द योजतो आणि 'ती पुढे सरकली' असे लिहून मोकळा होतो. येथील 'ती' खुनी स्त्री आहे असे सांगत नाही, फक्त सावली स्त्रीलिंगी आहे असे सांगते. किंवा 'कोणीतरी आले' म्हणून नपुंसकलिंगाचा आश्रय घेतो. ही कारागिरी छापील पानावरच टिकते. पहिल्या उदाहरणातील निवेदन ध्वनिमुद्रित करू गेल्यास वाचणारा पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या आवाजात पहिले वाक्य उच्चारतो आणि श्रोता तेथेच एक बाजू धरून बसतो.

वाचणाऱ्याच्या आवाजाची आणखी एक अडचण आहे. त्याला शेवट ठाऊक असतो. 'कुंडीतील माती ओली होती' हे निर्णायक वाक्य त्याने किंचित सावकाश वाचले तरी सराईत श्रोत्याचे कान टवकारतात. उत्तम वाचक हे वाक्य आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांइतक्याच निर्विकारपणे वाचतो. फार नाटकी वाचणारे मात्र खलनायकाला पहिल्या प्रवेशातच घोगरा आवाज देऊन टाकतात. माझे मत विचाराल तर रहस्यकथेला पार्श्वसंगीत जितके कमी तितके बरे. दार करकरले असे लेखकाने लिहिले आहे. ते पुन्हा करकरून दाखविण्याची गरज नसते.

छापील पुस्तकाकडे आणखी एक मोठे बळ आहे, ते म्हणजे मागे वळण्याचे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. हेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही त्याच वेळी दाखविला पाहिजे, हा त्यांतील गाभ्याचा नियम. म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातील हा एक करार झाला. पण करार पाळला गेला की नाही हे तपासण्यासाठी वाचकाला मागे जाता आले पाहिजे. पुस्तकात बोट घालून ठेवता येते, पाने उलटता येतात, 'कडी आतून होती असे पान ३२ वर लिहिले होते, मग आता हे कसे?' असे लेखकाला दरडावता येते. ध्वनीत पंधरा सेकंद मागे जाण्याची कळ असते; पण नेमका तपशील चार तासांपूर्वी, कांद्याची कितवी गोणी भरताना ऐकला होता हे कोणाला आठवणार?

मागे वळण्याविषयी लिहितो आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो. शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या एका रहस्यकथेची शेवटची चार पाने नव्हती. अनेक हातांतून गेलेल्या त्या प्रतीची बांधणी सुटली होती. खुनी कोण हे कळण्याचा मार्गच राहिला नाही. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून तीन वेळा वाचले, वहीत संशयितांची यादी केली आणि एकाला दोषी ठरविले. तो खरोखर दोषी होता की नाही हे मला आजही ठाऊक नाही. ध्वनिपुस्तकाचे शेवटचे पान फाटत नाही, हे त्याचे सुख आहेच. तरी त्या फाटक्या प्रतीइतके वाचन माझ्याकडून पुढे कोणत्याही अखंड पुस्तकाने करून घेतले नाही.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीकडे येतो, कारण मी जे वर लिहिले त्यातील निम्मे मला तिच्यामुळे सुचले. पुढच्या संपर्कसत्राला ती लवकर आली आणि म्हणाली, "सर, आमच्या आत्याबाईंनी खुनी ओळखला." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. दोघी शेजारी बसून कांदा निवडतात, त्यामुळे कादंबरी दोघींच्याही कानावर पडते. त्या कथेत एक गृहस्थ पोलिसांना जबानी देताना सांगतो की मृत बाईला तो त्या दिवशी प्रथमच भेटला. पुढे बऱ्याच वेळाने, बोलण्याच्या ओघात, तो सांगतो, "मी म्हटलं, दार उघड." (कादंबरीचे नाव देत नाही, आपल्यापैकी कोणी ती ऐकावयाची ठेवली असेल.) आत्याबाई तेथेच थांबल्या. "पहिल्यांदा भेटलेल्या बाईला कोणी 'उघड' म्हणतं का? 'उघडा' म्हणला असता. हा तिला आधीपासून ओळखतो." कादंबरी संपण्यास अजून दोन तास होते.

सूनबाईंनी हे मान्य केले नाही. त्यांनी वाचनालयातून छापील प्रत मिळविली आणि ते वाक्य शोधून काढले. ते अगदी साधेपणाने, लांबलचक परिच्छेदाच्या मध्यभागी छापलेले होते. 'उघड' आणि 'उघडा' यांत फरक एका कान्याचा. "वाचलं असतं तर माझी नजर त्यावरून घसरली असती, सर," ती म्हणाली. मलाही तेच वाटते. डोळा शब्दाचा आकार पाहून पुढे पळतो. कान मात्र 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर सोडत नाही, कारण त्या अंतरावर आपले सारे गावचे जगणे चालते. कोणी कोणाला अरे-तुरे करावे, कोणाला अहो-जाहो, हे ओळखण्यास अक्षरओळख लागत नाही. मराठी रहस्यकथा ज्या भाषिक खुणांवर चालते त्यांपैकी ही खूण सर्वांत मराठी, आणि ती टिपली अक्षरओळख नसलेल्या एका स्त्रीने. साहित्याची जाण परीक्षेच्या कागदावर मोजणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने यावर थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी मालेतील एखादी कादंबरी प्रथम ऐकावी आणि मग छापील प्रत मिळवून वाचावी. शेवट ठाऊक असल्याने दुसऱ्या वेळी उत्कंठा राहत नाही, आणि तेच हवे आहे. लेखकाने दुवा कोठे पेरला, त्यावर कोणते वाक्य पांघरले, निवेदकाने कोठे कर्मणीचा आधार घेतला, हे सर्व तेव्हा दिसू लागते. वहीत दोन रकाने आखावेत. कानाने काय टिपले आणि डोळ्याने काय टिपले. आपल्या स्वाध्यायात निवेदनपद्धतीवर प्रश्न येतो तेव्हा या दोन रकान्यांचा उपयोग होईल. केवळ ऐकून भागवू नये याचे एक रोकडे कारणही आहे. आपणास परीक्षा लिहावयाची असते, आणि ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, परिच्छेद कोठे तोडावा, हे कानातून हातात उतरत नाही.

आणखी एक काळजी मला वाटते, ती विद्यार्थ्यांहून अधिक पुस्तकांविषयी आहे. शिरवळकरांच्या अनेक कादंबऱ्या आज ऐकावयास मिळतात, ही समाधानाची गोष्ट. पण जुन्या रहस्यकथांपैकी जे ध्वनिमुद्रित झाले तेवढेच उरले, अशी वेळ येऊ नये. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापली गेली, भाड्याने फिरली, उशाखाली दुमडली गेली आणि जीर्ण म्हणून रद्दीत गेली. वाचकांनी ती इतकी वाचली की ती उरली नाहीत. गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटात अजून काही प्रती असतील. आपल्या गावातील वाचनालयात जाऊन अशा किती आहेत, कोणत्या मालेतील आहेत, शेवटची पाने शाबूत आहेत काय, एवढी यादी जरी आपण केली तरी ते मराठी साहित्याच्या अभ्यासाचेच काम होईल. पुढे कोणाला संशोधन करावयाचे झाल्यास अशा यादीवाचून त्याचे पाऊल पुढे पडणार नाही.

त्या विद्यार्थिनीने आणलेली छापील प्रतही खिळखिळी झालेली होती. परत करण्यापूर्वी तिने ती मला दाखविली. सुटलेली पाने जुळवून तिने कण्याजवळ टाके घातले होते; गोण्या शिवण्याच्या दाभणाने भोके पाडून, पण सुतळी जाड पडेल म्हणून गोधडीच्या दोऱ्याने. शेवटचे पान जागेवर होते. आत्याबाईंनी मालेतील पाचवी कादंबरी लावण्यास सांगितले आहे, असेही तिने जाता जाता सांगितले.